मेंदूची गाठ: ऑपरेशनच्या आधी आणि नंतर माणसं कुठं गळतात

डोकं दुखून उलटी झाली की आपल्याकडं निदान घरातच होतं: पित्त. मग लिंबू-सरबत, मग मेडिकलमधली पित्ताची गोळी, मग तालुक्याच्या दवाखान्यात एक सलाईन. बहुतेक वेळा हे निदान चालूनही जातं, कारण डोकं दुखणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात गाठ नसतेच. प्रश्न उरलेल्या थोड्या लोकांचा आहे. त्यांचं पित्त महिनोन्‌महिने जात नाही, आणि जेव्हा स्कॅन होतो तेव्हा एका डोळ्याची नजर गेलेली असते किंवा उजवा हात उचलत नसतो.

आता यावर नेहमीचं उत्तर असं की, खेड्यापाड्यात डॉक्टर नाहीत, मोठी हॉस्पिटलं मुंबई-पुण्याला. सांगली जिल्ह्याबद्दल हे उत्तर मला अपुरं वाटतं. मिरजेत विल्यम वान्लेस या मिशनरी डॉक्टरनं १८९४ साली हॉस्पिटल सुरू केलं. शासकीय मेडिकल कॉलेज १९६२चं. आज मिरजेत गल्लोगल्ली हॉस्पिटलं आहेत आणि कर्नाटकातूनही पेशंट इथं येतात. पलीकडं कराडला मेडिकल कॉलेज आहे, साताऱ्यातही शासकीय कॉलेज झालं. कवटी उघडून गाठ काढणारे सर्जन या पट्ट्यात आहेत. तरीही जत, आटपाडी, माण, खटाव किंवा पाटणच्या डोंगरातला पेशंट उशिरा पोचतो, आणि पोचलेल्यांपैकी बरेच उपचार अर्ध्यावर सोडतात. गळती होते ती ऑपरेशनच्या आधी आणि नंतर. मधला टप्पा, म्हणजे प्रत्यक्ष ऑपरेशन, त्या मानानं सुटलेला आहे.

जगाचं चित्र याहून वाईट आहे. सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया ज्यांना वेळेत मिळू शकत नाही असे ५ अब्ज लोक जगात आहेत, असा अंदाज २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं मांडला होता. फक्त मेंदू आणि मणक्याचं बघायचं तर २०१८च्या एका अभ्यासानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दरवर्षी ५० लाखांहून अधिक गरजेची ऑपरेशनं होतच नाहीत. आफ्रिकेतल्या काही देशांत न्यूरोसर्जन बोटांवर मोजण्याइतके आहेत. आपली अडचण तशी नाही, आणि म्हणूनच ती नीट समजून घ्यायला हवी. सर्जन असूनही माणूस त्याच्यापर्यंत का पोचत नाही?

आधी गाठीबद्दल. कवटी म्हणजे झाकण न उघडणारा डबा. पोटात गाठ वाढली तर पोट थोडं फुगतं, जागा देतं. कवटी काही देत नाही. आत काहीही वाढलं, मग ती कॅन्सरची गाठ असो किंवा साधी, सूज असो किंवा साचलेलं पाणी, दाब मेंदूवरच येतो. त्यामुळं ‘कॅन्सर नाही ना, मग काही घाई नाही’ हा हिशेब मेंदूत चालत नाही.

गाठींचे प्रकारही वेगवेगळे. मेंदूच्या आवरणातून उगवणारी मेनिंजिओमा बहुतेक वेळा साधी असते, हळू वाढते आणि पूर्ण निघाली तर माणूस पुढं वर्षानुवर्षं चांगला राहू शकतो. मेंदूच्या पेशींतूनच उगवणारी ग्लायोमा वेगळी. तिच्या मुळ्या मेंदूत पसरलेल्या असतात, आणि तिचा सर्वांत वाईट प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. मोठ्या माणसांत तर फुफ्फुसाचा किंवा स्तनाचा कॅन्सर पसरून मेंदूत झालेल्या गाठीच जास्त आढळतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ नाकातून दुर्बीण घालून काढता येते. त्यातला एक प्रकार तर असा, की ऑपरेशनची गरजच पडत नाही. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवणारी ही गाठ कॅबर्गोलिनच्या गोळ्यांनी बहुधा आकसते. अशी गाठ असलेल्या बाईची पाळी बंद होते, मूल राहत नाही, कधी अंगावर पाजत नसतानाही दूध येतं. ती वर्षभर नवससायास आणि वंध्यत्वाचे उपचार करत फिरते. रक्ताची एक तपासणी आणि एक स्कॅन एवढ्यात उत्तर मिळालं असतं.

मग संशय कधी घ्यायचा? डोकेदुखी सकाळी उठल्यावर जास्त, वाकल्यावर किंवा खोकल्यावर वाढणारी, दर आठवड्याला आधीपेक्षा अधिक, सोबत उलटी. आधी कधीच फीट न आलेल्या मोठ्या माणसाला पहिल्यांदा आलेली फीट. एका बाजूच्या हातापायातली ताकद हळूहळू कमी होणं. चष्मा बदलूनही कडेचं न दिसणं. शब्द न सुचणं. आणि एक लक्षण घरच्यांनाच कळतं: माणूस बदलतो. हिशेबात पक्का असलेला द्राक्षबागायतदार औषधाच्या फवारणीचं वेळापत्रक विसरतो, गप्प बसून राहतो, उगाच चिडतो. घरात म्हणतात, कर्जाचं टेन्शन आहे. लहान मुलांत सकाळच्या उलट्या, तोल जाणं, मान तिरकी धरणं; आणि तिथं जंताचं औषध देऊन वेळ जातो.

फीट आली की आपल्याकडं वेगळंच चक्र सुरू होतं. नाकाला कांदा, हातात किल्ल्या किंवा लोखंड, मग ‘बाहेरचं काय तरी हाय’ म्हणून देवऋषी. लिंबू उतरवणं, अमावास्येचा उतारा. मी यावर हसणाऱ्यांतला नाही. फीट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, त्यामुळं कांदाही गुणकारी वाटतो आणि देवऋषीही. शिवाय देवऋषी गावात असतो, मन लावून ऐकतो आणि पैसे हप्त्यानं घेतो. दवाखाना यातलं काय देतो, हा प्रश्न आरोग्य खात्यानं स्वतःला विचारायला हरकत नाही. पण गाठ थांबत नाही, आणि हे तीन-चार महिने नंतर कुणी परत देत नाही.

इथं एक स्वस्त उपाय आहे आणि तो फारसा वापरला जात नाही. डोक्यातला दाब वाढला की डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, नस जिथं शिरते तिथं, सूज दिसू शकते. ती बघायला ऑफ्थॅल्मोस्कोप नावाची हातात मावणारी दुर्बीण पुरते. वीज गेली तरी चालते. डोकेदुखीच्या पेशंटला ‘चष्म्याचा नंबर वाढलाय का बघून या’ म्हणून धाडलं जातं, तेव्हाच ‘पडदाही तपासून द्या’ असं चिठ्ठीवर लिहिलं तर काही गाठी तालुक्यालाच पकडता येतील. पडदा स्वच्छ दिसला म्हणजे गाठ नाही, असं मात्र नाही. सूज दिसली तर त्याच दिवशी स्कॅन.

स्कॅनचा टप्पा वाटतो तितका सरळ नाही. सीटी स्कॅन लवकर होतो, स्वस्त असतो, रक्तस्राव आणि साचलेलं पाणी चांगलं दाखवतो. गाठीचा नेमका पसारा कळायला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन एमआरआय लागतो, त्याला काही हजार रुपये लागतात. ॲडमिट होण्याआधीचा हा खर्च बहुतेकदा खिशातूनच जातो. मजुरी करणाऱ्या घरात ‘साहेब, कारखान्याचं बिल आलं की करतो’ हे उत्तर येतं. (ऊस तुटल्यावर चौदा दिवसांत बिल द्यावं असं कायदा १९६६पासून सांगतो. पुढं काय होतं ते सांगली-साताऱ्यात कुणाला सांगायला नको.)

स्कॅन झाला तरी घोटाळा होऊ शकतो. आपल्या देशात टीबीची गाठ आणि फीतकृमीच्या अळीची गाठ मेंदूत सर्रास आढळते, आणि स्कॅनवर ती गोल कड्यासारखी दिसते. काही कॅन्सरच्या गाठीही तशाच दिसतात. त्यामुळं पेशंटला टीबीचा कोर्स सुरू होतो. बऱ्याच वेळा ते योग्यच असतं. चूक होते ती पुढं: दोन-तीन महिन्यांनी स्कॅन परत करून गाठ लहान झाली का मोठी, हे कुणी बघत नाही. गोळ्या चालू आहेत म्हणजे उपचार चालू आहेत, अशी समजूत होते.

दुसरी फसवणूक डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची. हे औषध वाईट नाही, उलट जीव वाचवणारं आहे. ते गाठीभोवतीची सूज उतरवतं. बेशुद्धीकडं निघालेला माणूस दोन दिवसांत उठून बसतो, जेवतो, बोलतो. घरच्यांना वाटतं, बरा झाला. घरी नेतात. गाठ जागच्या जागी असते. गोळ्या संपल्या किंवा अचानक बंद केल्या की सगळं दुपटीनं परततं, आणि मधुमेह असेल तर तोवर साखर चढलेली असते. लिम्फोमा नावाच्या प्रकारात तर स्टेरॉइडनं गाठ तात्पुरती इतकी विरघळते की नंतर काढलेल्या तुकड्यात निदानच होत नाही. म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉइड दिलं असेल तर एवढं विचारून घ्यावं: हे सूज उतरवायला आहे का, आणि पुढचा टप्पा कधी?

आता पैसे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्ही योजना महाराष्ट्रात एकत्र चालतात, आणि २०२३च्या निर्णयानंतर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड पिवळं, केशरी किंवा पांढरं, तिन्हींचा समावेश केला गेला. मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन, किरणोपचार, केमो यांची पॅकेजं त्यात आहेत. यादीतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी भेटायचं. मंजुरी मिळवणं हॉस्पिटलचं काम. तातडीचा पेशंट असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून. योजनेचा टोल फ्री क्रमांक १५५३८८.

कागदावर हे चांगलंच आहे, आणि यामुळं हजारो घरं सावकाराच्या दारातून परत आलीत हे मान्य करायला हवं. पण कागद आडवा येतोच. लग्न होऊन दोन वर्षं झालेली मुलगी घ्या. माहेरच्या रेशनकार्डातून नाव कमी केलं, सासरच्या कार्डात चढवायचं राहिलं. तिला फीट आली तेव्हा ती कुठल्याच घरात नाही. आधारवर नाव एक, कार्डावर आडनाव दुसरं. बीडहून ऊसतोडीला आलेल्या टोळीतल्या बाईचं कार्ड गावाकडं राहिलेलं असतं आणि मुकादम उचल दिलेल्या माणसाला सोडायला तयार नसतो. तहसीलला हे दुरुस्त होतं, पण डोक्यात गाठ असताना तहसीलचे हेलपाटे कोण घालणार? ज्यांच्या घरी कुणी आजारी नाही त्यांनीच या महिन्यात सुनेचं आणि नातवाचं नाव कार्डावर आहे का ते बघावं.

योजनेत बसत नसेल तरी दोन दारं उरतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, आणि धर्मादाय हॉस्पिटलं. सार्वजनिक न्यासाखाली चालणाऱ्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली ही योजना लागू केली. हॉस्पिटलात गेल्यावर सरळ विचारायचं: ‘धर्मादाय विभागाचे समाजसेवक कुठं बसतात?’ हे भीक मागणं नाही.

ऑपरेशनच्या टेबलाबद्दल मी थोडक्यात लिहितो. न्यूरोसर्जन एकटा काही करू शकत नाही. मेंदूच्या ऑपरेशनची सवय असलेला भूलतज्ज्ञ, मायक्रोस्कोप, रक्तपेढी, रात्री दोनला सुद्धा होणारा सीटी, आयसीयूची खाट आणि तिथं जागी असलेली नर्स, यातलं एक नसलं तरी ऑपरेशन पुढं ढकललं जातं. आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग आपल्याच दारातून जातो. हेल्मेट न घातलेला पोरगा डोक्याला मार लागून आला की खाट त्याला मिळते, मिळायलाच हवी. थांबतो तो गाठीचा पेशंट, कारण तो आज मरत नसतो.

महागड्या यंत्रांवाचून सगळं अडतं, असं मात्र नाही. ऑपरेशन चालू असताना एमआरआय करणारी थिएटरं कोट्यवधींची. गाठ किती उरली हे बघायला अल्ट्रासाऊंडही बरंच काम देतो, आणि टाटा मेमोरियलच्या न्यूरोसर्जननी त्यावर बराच अभ्यास केला आहे. वाचेच्या भागाजवळची गाठ पेशंटला जागं ठेवून, त्याच्याशी बोलत काढता येते. तिथं यंत्रापेक्षा कसलेला भूलतज्ज्ञ आणि पेशंटच्या बोलीत गप्पा मारू शकणारा माणूस जास्त लागतो. मुलांच्या डोक्यातलं पाणी पोटात उतरवणाऱ्या नळीची, म्हणजे शंटची, गोष्ट तर शाळेत सांगावी अशी आहे. उत्तर प्रदेशातल्या शाहजहाँपूरला बनणारा छाब्रा शंट युगांडात १९५ मुलांच्या अभ्यासात परदेशी शंटशी ताडून पाहिला. २००५ साली निकाल छापून आला: वर्षभरानंतर दोन्हींत फरक नाही. भारतीय शंट ३५ डॉलरच्या आसपास, परदेशी ६५०च्या.

टाके निघाले, पेशंट चालत घरी आला, गावात पेढे वाटले. खरी गळती इथून पुढं.

काढलेली गाठ पॅथॉलॉजीला जाते. २०१६पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात मेंदूच्या बऱ्याच गाठींचं नाव सूक्ष्मदर्शकाबरोबर जनुकांच्या तपासणीवरही ठरतं. आयडीएच नावाच्या जनुकात बदल असेल तर ग्लायोमाचा पेशंट कितीतरी जास्त जगतो. त्यातल्या सर्वांत नेहमीच्या बदलाची तपासणी साध्या रंगक्रियेनंही होते. बाकीच्या महाग आहेत आणि नमुना मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो. ती झाली नाही तर रिपोर्टवर ‘पुढील वर्गीकरण नाही’ अशा अर्थाचा शेरा पडतो आणि डॉक्टर अंदाजानं पुढं जातात. म्हणून रिपोर्ट घेताना मेणातला ठोकळा, म्हणजे पॅराफिन ब्लॉक, मागून घ्यावा. तो पुढच्या हॉस्पिटलात लागतो.

मग किरणोपचार. नेहमीचा कोर्स ३० सिटिंगचा, आठवड्याला पाच, म्हणजे सहा आठवडे. एक सिटिंग दहा-पंधरा मिनिटांचं. सोय मिरजेत आहे, कराडला, कोल्हापूरलाही. पण जतच्या पुढच्या वाडीतून मिरजेला जायला एसटीनं अर्धा दिवस जातो, यायला उरलेला. रोज शक्य नाही. खोली करायची तर भाडं, जेवण, सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी, घरी बांधलेली जनावरं. यातलं काहीही पॅकेजमध्ये नाही. महात्मा फुले योजनेत डिस्चार्जनंतर घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेचं भाडं मिळतं, ते एकदाच. पंधराव्या-विसाव्या सिटिंगला माणसं घरी जातात आणि परत येत नाहीत. अर्धवट किरणोपचाराचा फायदा अर्धाही मिळेल याची खात्री नसते.

यावर काही करता येतं. वयस्कर पेशंटला तीन आठवड्यांत १५ सिटिंगचा छोटा कोर्स देता येतो, तो अभ्यासांतून मान्य झालेला आहे. आपल्या माणसाला चालेल का हे रेडिओथेरपीच्या डॉक्टरांना विचारावं. मुंबईला जावंच लागलं तर कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं तिकीट माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत. हॉस्पिटलचा दाखला लागतो. महालक्ष्मी एक्सप्रेस मिरजेहून रात्री निघून सकाळी मुंबईत पोचते. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती टाटाच्या रुग्णांसाठी फार मोठं काम करतात. जागा मिळेलच असं मात्र धरून चालू नये.

किरणोपचारासोबत आणि नंतर टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या असतात. उपाशीपोटी घ्यायच्या, अधूनमधून रक्तातल्या पेशी मोजायच्या. ती मोजणी आटपाडीच्या लॅबमध्येही होते. रिपोर्ट मोबाइलवर पाठवला की पुरतं. त्यासाठी पेशंटला शंभर किलोमीटर हलवण्यात अर्थ नाही. फीटच्या गोळ्यांचंही तसंच. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्या मनानं थांबवल्या की फीट परत येते आणि गावात सांगितलं जातं, बघा, ऑपरेशन फेल गेलं. या एका वाक्यानं पुढचे चार पेशंट ऑपरेशनला नकार देतात.

शेवटी जे बोलायला कुणालाच आवडत नाही ते. ग्लायोब्लास्टोमा अजून कुठंच बरा होत नाही, न्यूयॉर्कलाही नाही. २००५च्या प्रसिद्ध अभ्यासात नुसत्या किरणोपचारानं निम्मे रुग्ण १२.१ महिने जगले, टेमोझोलोमाइड जोडल्यावर १४.६ महिने. दोन वर्षांनंतर जिवंत असलेले आधी १०.४ टक्के होते, नंतर २६.५ टक्के. म्हणजे उपचाराला अर्थ आहे, पण दोन एकर विकून तिसऱ्यांदा ऑपरेशन करायचं का, हा निर्णय हे आकडे समोर ठेवून घ्यायचा असतो. आपल्याकडं पेशंटला काही सांगत नाहीत, बाईला तर नाहीच. मोठा दीर आणि मेहुणा कॉरिडॉरमध्ये ठरवतात. डॉक्टरही घाईत ‘बघू, प्रयत्न करू’ म्हणतात. मेनिंजिओमाच्या बाईला नातेवाईक याच भीतीनं ऑपरेशनविना घरी नेतात, आणि ग्लायोब्लास्टोमाच्या माणसासाठी जमीन विकतात. खरं तर उलटं व्हायला हवं. ‘गाठ कुठल्या प्रकारची, पूर्ण निघाली का, पुढं किती अपेक्षा धरायची’ हे तीन प्रश्न रिपोर्ट हातात आल्यावर, पेशंटला शेजारी बसवून विचारले तर बरंच काही वाचतं.

आणि उपचार थांबवले तरी दवाखाना सुटत नाही. सूज उतरवायचं स्टेरॉइड, फीटचं औषध, गिळता येत नसेल तर नळी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणं, हे सगळं घरी करता येतं आणि आशाताईला, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नर्सला शिकवता येतं. दुखणं तीव्र असेल तर मॉर्फिनची गोळी आहे. २०१४ साली कायदा बदलून ती मिळणं सोपं केलं, तरी ठेवणारी केंद्रं अजून थोडी आहेत. जवळचं कुठलं, हे मिरज-सांगलीतून डिस्चार्ज घेतानाच लिहून घ्यावं, कारण रात्री गरज पडली तर वाडीत सांगणारं कुणी नसतं.